व्हिएन्नाचे पाटील

आता काय सांगायचं तुम्हाला! तो चहा आधी संपवा बरं, मध्येच हसलात तर ठसका लागेल. खोटं बोलायलाही अक्कल लागते म्हणतात ना, ते अगदी खरं आहे. माझी होती नव्हती ती सगळी अक्कल स्वस्त तिकीट शोधण्यात संपली होती. खोट्यासाठी काही शिल्लकच राहिली नाही.

तेव्हा मी सांगलीजवळ कुपवाडच्या एका वर्कशॉपात मालाची तपासणी करायचे. दिवसभर कास्टिंगची, म्हणजे ओतीव लोखंडी भागांची, भोकं बरोबर पडलीत का बघायचं आणि जेवणाच्या सुट्टीत डबा खाता खाता मोबाइलवर युरोपचा बर्फ बघायचा. गावाच्या मते माझं लग्नाचं वय उलटून गेलेलं, खिसा बेताचा, हौस मात्र दांडगी! ठरवलं, जायचं. तेही एकटीनं. छत्री उंच धरून पळवणारा टूरवाला नको, "चला चला" म्हणणारं कुणी नको.

आणि ऐन हिवाळ्यात का? अहो, स्वस्त म्हणून! शहाणी माणसं उन्हाळ्यात जातात. कडाक्याच्या थंडीत तिकडं कुत्रंसुद्धा घराबाहेर पडत नाही, म्हणून विमान स्वस्त, खोली स्वस्त. खोली तरी कसली? रेल्वेच्या बर्थसारखे एकावर एक पलंग, त्यातला एक आपला. व्हिएन्ना, प्राग, बुडापेस्ट, असं करत बसनं फिरायचं. व्हिसा मिळाला. तिकीट काढलं तेही सगळ्यात स्वस्तातलं, म्हणजे रद्द केलं तर छदाम परत नाही आणि न्यायची फक्त एक बॅग.

राहिले होते फक्त आप्पा.

आप्पा म्हणजे माझे वडील. फौजेतून निवृत्त होऊन कोरेगावजवळ आमच्या गावी ऊस बघायचे. आई लवकर गेली, त्यामुळं घरात आम्ही दोघंच. आज आप्पाही नाहीत. पण युरोपचा विषय निघाला की मला तिथले राजवाडे-बिजवाडे आठवत नाहीत, आप्पाच आठवतात, आणि जीव कासावीस होतो.

"आप्पा, मी युरोपला जाणार आहे. एकटी."

"जा की," भाकरी मोडत आप्पा म्हणाले. "आन् उतरनार कुनाकडं?"

आता हे आमच्याकडचं तुम्हाला सांगायला हवं. आमच्या सातारा-सांगलीकडं माणूस परगावी कुणाकडं तरी उतरतो. पुण्याला मावशीकडं, मुंबईला चुलत्याच्या साडूकडं. पैसे मोजून लॉजवर राहायचं म्हणजे आपलं जगात कुणी नाही अशी दवंडी पिटायची!

"तिकडं आपलं कोन हाय का?"

"कुणी नाही, आप्पा. हॉटेलात राहणार."

 आप्पा कधी नाही म्हणत नसत. नुसते अर्ध्या ताटावरून उठत. त्या दिवशीही उठले. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर अंगणात बसलेत आणि समोरचा चहा गार झालाय. ओरडले असते तर मी भांडून गेले असते हो! त्या गार चहाशी कसं भांडायचं?

मला बघवेना, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो आप्पा, विसरलेच की मी! व्हिएन्नाला मैत्रिणीचे पाहुणे आहेत. पाटील म्हणून."

आप्पांनी मान वर केली. "कुठलं पाटील?"

झालं! आमच्या भागात गावाशिवायचा पाटील चालत नाही, हे मी विसरलेच होते.

"तासगावकडचे."

"बरं. घरात कोन कोन?"

"ते, त्यांची बायको आणि एक लहान बाळ." बाळ कशाला काढलं, मला विचारू नका. भरल्या घराला बाळ शोभतं, एवढंच डोक्यात आलं.

"आनि?"

खरं तर इथं गप्प बसायचं. पण आप्पांचा चेहरा असा काही उजळला होता की मला राहवेना. "धाकटा भाऊ असतो त्यांच्याकडं. इंजिनियर आहे."

"लगीन झालंय?"

"नाही."

आप्पांनी तो गार चहा एका घोटात संपवला. त्या घोटातच मी ओळखायला हवं होतं!

निघायच्या आधी मी बॅग घेऊन गावी गेले, सकाळी बघते तर ती सोप्यात, म्हणजे ओसरीवर, उघडी पडलेली. "पावन्याच्या दारात मोकळ्या हातानं जायाचं नसतं," म्हणत आप्पा भरत होते. गुळाची ढेप. सांगलीचे बेदाणे. हळद. शेंगदाण्याची चटणी, तीही घरी कुटलेली. पाटलीणबाईंना साडी, पाटलांना टोपी-उपरणं, बाळाला झबलं. आणि धाकट्यासाठी सातारच्या पेठेतनं स्वतः निवडून आणलेलं शर्टाचं कापड!

"आप्पा, माझे स्वेटर कुठं ठेवू?"

"तुझं काय, घरचीच हायीस तू." त्यांनी माझे दोन्ही स्वेटर उचलून कपाटात ठेवले आणि स्वतःचा जुना फौजी कोट माझ्या अंगावर चढवला. घोट्यापर्यंत आला. "बॅग पावन्यांची, कोट तुझा!"

फौजी माणसानं बांधलेली बॅग ती, एक बेदाणा काढायला फट नव्हती. नसलेल्या माणसांचा आहेर घेऊन आणि अंगात तंबूएवढा कोट घालून मी व्हिएन्नाला उतरले. तिथल्या पोलिसानं माझ्याकडं दोनदा पाहिलं.

तुम्ही म्हणाल, एकटीला जायचं होतं ना? मिळालं की एकटेपण! पहिला दिवस झकास गेला. दुसऱ्या दिवशी खिडकीबाहेर भुरूभुरू बर्फ पडायला लागला. जन्मात पहिल्यांदा बघत होते मी. तोंडातून आलं, "अगं बाई, बघा तरी!" आणि मागं वळून बघते तर आठही पलंग रिकामे. मला रडूच कोसळलं हो. एवढा हट्ट करून आले होते, आणि बर्फ दाखवायला जवळ माणूस नव्हतं.

तेवढ्यात आप्पांचा फोन.

"पोचलीस न्हवं पाटलांकडं? साडी आवडली का पाटलीनबाईस्नी?"

"हो तर! आत्ता अंगावरच आहे. थंडीला बरी पडली म्हणतात." थंडीपायी ती साडी मीच कोटाच्या आत गुंडाळून बसले होते. पाटलांचं उपरणं माझ्या कानाला होतं.

"आन् धाकटं काय करतंय?"

आता बघा, "कामावर गेलाय" म्हटलं असतं तर संपलं असतं. पण समोर बर्फ पडत होता आणि माझे हात गारठले होते. मी म्हणाले, "माझ्यासाठी चहा ठेवतोय. आलं घालून."

"सोता?" आप्पांचा आवाज एकदम चढला.

"स्वतः. आणि काल विमानतळावर घ्यायला आला होता. बॅग त्यानंच उचलली. आपले हातमोजे काढून मला दिले. बोलतो कमी, पण हसला की छान दिसतो." मी सांगत सुटले. सांगता सांगता माझं रडं थांबलं, अंगात ऊब आली. बुडापेस्टपर्यंत रोज फोन यायचा, आप्पांच्या लेखी मी पाटलांकडंच होते, आणि रोज धाकटा माझ्यासाठी काहीतरी करायचा. गूळ आणि चटणी मीच खात होते, त्यामुळं जेवणाचा खर्च वाचला. एवढंच काय ते बजेट जमलं!

परत आल्यावर वाटलं, पाटील आपोआप विसरले जातील. कसले जातात? एका रविवारी आप्पांचा फोन आला, "कराडच्या स्टँडावर ये, काम हाय."

जाऊन बघते तर आप्पा इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यात, डोक्याला फेटा आणि हातातल्या पिशवीत नारळ!

"कुठं निघालात?"

"तासगावला. धाकट्याचं मूळ घर हुडकायला. माज्या पल्टनीतला दोस्त हाय तिथं, चार जानती मानसं घिऊन थांबलाय. आपन मुलीकडचं, आपनच पयलं पाऊल टाकावं."

 चार माणसांत आप्पा नारळ घेऊन नसलेल्या पाटलांचा वाडा विचारत फिरणार, आणि अख्खं तासगाव हसणार. तासगावची गाडी फलाटाला लागली. आप्पांनी पायरीवर पाय ठेवला, आणि मी त्यांचा सदरा मागून धरला.

"आप्पा, खाली उतरा. व्हिएन्नात पाटील नाहीत."

"गावाला गेलं व्हय?"

"नव्हतेच कधी. तुम्ही जेवेनात, म्हणून मी बोलले."

आप्पा खाली उतरले. "म्हंजी पाटलीनबाई?"

"नाहीत."

"बाळ?"

"नाही."

"आन् त्यो धाकटा? च्या करनारा?"

"तोही नाही, आप्पा."

आता फौजी आवाज निघणार म्हणून मी डोळे मिटून घेतले. पण आवाज नाही. उघडून बघते तर आप्पा बाकावर बसलेले, फेटा काढून मांडीवर ठेवलेला. गाडी निघून गेली. त्यांनी दोस्ताला फोन लावला आणि एवढंच म्हणाले, "येत न्हाई गड्या. जुळत न्हाई." माझं नावसुद्धा काढलं नाही हो त्या माणसानं!

मी शेजारी बसले. शिव्या द्या, काहीही बोला, पण बोला, असं मला झालं होतं. आप्पांनी नारळाची पिशवी बाकाखाली सरकवली.

"लय गुनाचं पोरगं व्हतं गं," ते म्हणाले.

आणि तुम्ही हसा खुशाल, पण माझ्याही डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. एवढी स्थळं बघितली, एकही पसंत पडलं नव्हतं. हा मात्र मला पहिल्या चहापासून आवडला होता!