पट्टीचा पोहणारा

"पाड की त्येला."

दातांत दोरा, पाय शिलाई मशीनच्या पायडलवर, नजर कुणाच्या तरी ब्लाउजच्या बाहीवर, आणि वैनी हे एवढंच म्हणायच्या. मान वर करायच्या नाहीत. समोर मी वही घेऊन उभा असायचो. माझा नायक नुकताच डोंगरावरून डोंगरावर उडी मारून पलीकडं पोचलेला असायचा, सात-आठ पोरं तोंडं उघडी टाकून ऐकत असायची, आणि ह्या बाईंना मात्र तो पडायला हवा असायचा.

वैनी आमच्या कुणाच्या नात्यातल्या नव्हत्या. तासगावच्या एसटी स्टँडामागं दहा बाय बाराचा एक गाळा होता. त्यात डावीकडं मिस्त्रींचं मोटार रिवायंडिंग, उजवीकडं मिस्त्रींच्या बायकोचं, म्हणजे वैनींचं, शिलाई मशीन, आणि मधे लोखंडी कपाटावर टीव्ही आणि व्हिडिओ गेम. वार्निशचा वास, मशीनची घरघर, गेमची टुंईटुंई आणि पोरांचा कालवा, सगळं एकदम. तिथला गोंधळ वाऱ्याच्या दिशेनं पलूसपर्यंत ऐकू जायचा असं मी सांगत असतो. थोडं वाढवून सांगतो. पण स्टँडावरचा कंट्रोलर दोनदा येऊन ओरडून गेला होता, हे खरं.

मी तेव्हा सांगलीला कॉलेजला जायचो. निदान घरी तसं सांगितलेलं होतं. संध्याकाळच्या गाडीनं परत आलो की पाय आपोआप त्या गाळ्याकडं वळायचे. नव्वदीतली ती वर्षं. घरोघरी टीव्ही आलेले, पण टीव्हीतला माणूस आपल्या बोटांनी पळतो ही चैन फक्त वैनींकडं.

कॅसेट एकच. तिच्यावरचा कागद मिस्त्रींच्या वार्निशच्या हातांनी कधीच खाल्ला होता. चार अक्षरं उरली होती, ती चिनी होती की जपानी यावर मारामाऱ्या झाल्या. पडद्यावर एक निळा बुटका माणूस होता. त्याचं नाव काय, गाव कुठलं, तो कशासाठी पळतोय, कुणाला माहीत नव्हतं. उजवीकडं पळायचं, एवढं माहीत. खड्डे, काटे, मग एक नदी आणि नदीवर वाहणारे ओंडके. ओंडक्यावरून पाय सुटला की टुंई. मेला. अशी तीन लाईफ.

आता ज्याला नाव नाही, गाव नाही, त्याची गोष्ट कुणीतरी लिहायला नको का? मी लिहिली. दोनशे पानी वही. त्याचं नाव ठेवलं निळ्या. लाईट गेली की पोरं गेम अर्धवट टाकून बसलेली असायची, आणि त्या दिवसांत लाईट जायचीच. मग मी वही काढायचो.

माझा निळ्या म्हणजे काय सांगू तुम्हांला! सातशे राक्षस एका दमात लोळवायचा आणि वर राक्षसांच्या बायकांची क्षमा मागायचा. झोपायचा नाही. जेवायचा नाही. आईचे पाय चेपून मग लढायला निघायचा. पोरींकडं ढुंकून बघायचा नाही, पोरी मात्र रांग लावायच्या. दिसायला तो बराचसा माझ्यासारखा होता, फक्त उंची सहा इंच जास्त आणि पुरळ नाही.

पोरं टाळ्या पिटायची. मशीनवरून आवाज यायचा, "पाड की त्येला."

मी एकदा चिडलो. वैनी, हिरो आहे तो, हिरो कसा पडेल, असं काहीतरी म्हणालो. त्यांनी दोरा दातांनी तोडला.

"सकाळधरनं चाळीसदा मेलाय माझ्याम्होरं. तुझ्या वहीत एकदा बी मरत न्हाई. ह्यो कोन दुसराच हाय, लेखक."

मला त्या लेखक म्हणायच्या. टोमणाच तो, पण मी तो पदवीसारखा मिरवायचो.

गेम वैनी कधी खेळल्या नाहीत. पाठ टीव्हीकडं करून त्या शिवत बसायच्या. तरी नुसत्या आवाजावरून निळ्या कुठल्या खड्ड्यात गेला ते सांगायच्या. कुणी नदीपर्यंत पोचला की मात्र मशीन थांबायचं. वळून बघायच्या. माझ्या गोष्टीत निळ्या नदी पोहून गेला, आणि पोहतानाही दोन मगरी काखेत दाबून गेला, त्या दिवशी त्या खरंच रागावल्या.

"खोटं लिवतोस. पान्यात पडला की मरतो त्यो. पवाय येत न्हाई त्येला. आमच्या मालकावानी हाय."

तिकडून तांब्याच्या तारेच्या वेटोळ्यातून मिस्त्री म्हणाले, "मला कशाला आनतीस मधी?"

मिस्त्रींना आणायलाच हवं. दोघं वडूजकडची. तिकडं विहिरीत पोहरा सोडला की कोरडा वर यायचा, पोहायला शिकणार कशात? इकडं द्राक्षबागांतल्या विहिरींवरच्या मोटारी जळायच्या, त्या भरून द्यायचं काम त्यांचं. म्हणजे धंदा विहिरीवरचा आणि भीती पाण्याची. काठापासून चार हात लांब उभे राहायचे. मोटार वर काढून इथं आणा, मग बघतो, म्हणायचे. शेतकरी हसायचे. सांगली ओलांडून पुढं जाताना कृष्णेचा पूल आला की मिस्त्री पाण्याकडं बघायचे नाहीत. पाणी दोन्हीकडं असायचं, म्हणून एसटीच्या टपाकडं बघत बसायचे. हे मी स्वतः, शेजारच्या सीटवरून पाहिलेलं आहे.

फार गोड माणूस होता असंही नाही. गाय छाप मळून तोंडात धरली की तासभर बोलायचे नाहीत. "उद्या देतो" म्हणालेली मोटार दहा दिवसांनी द्यायचे, आणि कुणी विचारलं तर पाना आपटायचे. एकदा माझी वही त्यांनी तापलेल्या मोटारीखाली टेकू म्हणून लावली होती. मुखपृष्ठावर अजून गोल डाग आहे.

छाटणीचे दिवस होते. मिस्त्री एका बागेवर मोटार बघायला गेलेले. छाटणीला आलेल्या बायांतली एक घागर घेऊन विहिरीच्या पायऱ्या उतरली, शेवाळावरून घसरली आणि आत गेली. काठावर पाच गडी होते. एकानं दोर आणा म्हटलं, दुसऱ्यानं कुठाय म्हटलं, तिसरा मालकाला बोलवायला पळाला. मिस्त्री आपल्या नेहमीच्या जागेवर होते, चार हात लांब. त्यांनी तिथून पळत येऊन उडी घेतली.

बाईच्या हाताला मोटारीचा पाईप लागला. ती वाचली. मिस्त्रींना संध्याकाळी वर काढलं. चपला तिथंच होत्या, काठापासून चार हातांवर, शेजारी शेजारी.

पंधरा-वीस दिवसांनी आमच्या भागातल्या तरुण मंडळानं ठरवलं, स्टँडापुढच्या चौकात मिस्त्रींच्या आठवणीचा दगड बसवायचा. फोटो, हार, भाषणं, आणि दगडावर दोन ओळी. मजकूर कोण लिहिणार? अख्ख्या पेठेत लेखक एकच. माझी छाती चार इंच फुगली. वर्षभर ती तशीच राहिली असती, पण पुढचं ऐका.

वैनींकडं माहिती विचारायला गेलो. गाळा बंद होता, मागच्या खोलीत बसल्या होत्या. जन्मगाव वगैरे सांगितलं. मग म्हणाल्या, "बाकी काय बी लिव. येक तेवढं लिव. त्यास्नी पवाय येत नव्हतं."

मी मान हलवली. त्यांना ते पुरलं नाही.

"लिवनार न्हवं?"

"लिहिणार, वैनी. शप्पथ."

शप्पथ, म्हणालो. गळ्याला हात लावून म्हणालो.

मग लिहायला बसलो. आता तुम्हीच सांगा, नाही, तुम्ही सांगूच नका, तुम्ही माझ्या बाजूनं बोलाल. ती ओळ मी लिहून बघितली. 'पोहता येत नसतानाही त्यांनी विहिरीत उडी घेतली.' मला ती कशीतरीच वाटली. माणूस येडा वाटतो, म्हटलं. टाळ्या कुठं पडतील ह्यात? मी ती खोडली. अध्यक्षानं सांगितलं नाही, कुणी दबाव आणला नाही. सुचत गेलं आणि मी लिहीत गेलो. पाण्याचा वाघ. पुरातली कृष्णा एका हातानं कापणारा. वडूजच्या विहिरी गाजवलेला. वडूजच्या विहिरी! जिथं बेडूकसुद्धा चालत जायचे. आणि दगडासाठी ओळ काढली: 'पट्टीचा पोहणारा, परोपकारी वीर.' प आणि प जुळले म्हणून मी स्वतःवर खूश होऊन दोन भजी जास्त खाल्ली.

कार्यक्रमाला ही गर्दी. पाच हजार माणूस होता असं मी पुढं कित्येक वर्षं सांगितलं. असेल दीडशे. वैनी पहिल्या रांगेत, लोखंडी खुर्चीवर, मांडीत नारळ. मी कर्ण्यावरून वाचलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, दोन बायांनी पदर डोळ्यांना लावला. वैनी माझ्याकडं बघत होत्या. निळ्या नदीवर आला की वळून बघायच्या, तशा.

दुसऱ्या दिवशी मी गेलो. खरं सांगतो, शाबासकी घ्यायला गेलो. गाळा उघडला होता, टीव्ही लागला होता. वैनी मशीनवर होत्या.

"पवाय येनाऱ्यानं उडी मारली, त्यात काय रं मोठं?" त्या म्हणाल्या. "बेडूक बी मारतं. त्यास्नी येत नव्हतं. लय भ्याचं त्ये पान्याला. आन तरी मारली. तेवढं येकच हुतं त्यांचं, त्ये बी तू काढून घेतलंस."

मी म्हणालो, वैनी, लोकांना आवडलं.

त्यांनी मशीनचं चाक हातानं थांबवलं. "बसा तुमी. च्या घेनार?"

तुमी. तीन वर्षांत पहिल्यांदा. त्या दिवसापासून त्यांनी मला कधी अरे म्हटलं नाही, कधी लेखक म्हटलं नाही, आणि 'पाड की त्येला' तर नाहीच नाही. या, बसा, व्हय, न्हाई. मी लाईट गेल्यावर वही काढायचं बंद केलं, ती गाळ्यातच पडून राहिली. कुणी विचारलंही नाही.

आणि मग स्टँडापुढच्या चहाच्या गाड्यावर सुरू झालं. आधी एकानं दगड वाचून सहज विचारलं, एवढा पट्टीचा पोहणारा, मग बुडला कसा रं गड्या? दुसऱ्याला उत्तर तयार होतं. घेतली असंल. भर दुपारी? व्हय की, त्याबिगर कृष्णा कापनारा गडी बागंतल्या हिरीत बुडतोय व्हय? पटण्यासारखं होतं. गणित बरोबर सुटत होतं, कारण गणितातला पहिला आकडा मी घातलेला होता.

मिस्त्रींनी उभ्या जन्मात दारूला हात लावला नव्हता. मला माहीत होतं. तोंड उघडायचं तर आधी हे सांगावं लागलं असतं, की दगडावरची ती ओळ खोटी आहे, आणि ती मी लिहिली. माझ्या हातात कप होता. मी चहा संपवला आणि सांगलीची गाडी धरली.

महिन्याभरात 'असंल'चं 'हुतीच' झालं. बेवड्याच्या दुकानात जाऊ नको, म्हणून आया पोरांना दटावायला लागल्या. ब्लाउज शिवायला येणाऱ्या बायासुद्धा दारातूनच माप टाकून जायच्या, मग त्याही येईनाशा झाल्या. वैनींनी कुणाशी भांडण केलं नाही. एकदाच, मला वाटतं माझ्यासाठीच, पोरांना म्हणाल्या, "आमच्या मालकास्नी पवाय येत नव्हतं." एक पोरगं म्हणालं, "दगडावर तर लिवलंय, काकी." पोरगं खोटं बोलत नव्हतं.

त्या वडूजला निघाल्या त्या दिवशी मशीन एसटीच्या टपावर चढवायला मी गेलो होतो. एकट्यानं खांद्यावर घेऊन शिडी चढलो, असं सांगायला मला आवडलं असतं. हमालानं चढवलं, मी दोरी धरली. वैनींनी पिशवीतून माझी दोनशे पानी वही काढून दिली. "तुमची ऱ्हायली हुती," म्हणाल्या. खिडकीत बसल्या. गाडी हलली, त्यांनी हात केला नाही.

घरी येऊन वही उघडली. पानोपानी कापडावर खुणा करायच्या खडूच्या निळ्या रेघा होत्या. राक्षस मेले, तिथं रेघ. डोंगरावरून उडी, तिथं रेघ. नदीच्या पानावर समासात मोठ्या, वाकड्या अक्षरांत लिहिलेलं होतं: 'हितं पाड. मंग उठव.'

नंतर त्या कुठं असतात ते कळलं नाही. शिवणकाम करतात असं कुणी म्हणालं, गेल्या असंही कुणी म्हणालं. मी चौकशीला वडूजला गेलो नाही. तासगावहून गाडी होती.

मित्रांच्या बैठकीत हा किस्सा मी सांगतो तेव्हा त्याचा शेवट असा करतो: मी एक दिवस छिन्नी-हातोडा घेऊन गेलो, भर चौकात, मंडळाची वीस पोरं अंगावर आली, एकेकाला बाजूला सारलं आणि 'पट्टीचा पोहणारा' ही अक्षरं उडवली. लोक वाहवा करतात. एका बाईंनी तर डोळे पुसले.

छिन्नी मी घेतली होती. सांगलीत, दुकानातून, कागदात गुंडाळून. दगडापर्यंत गेलो. शेजारच्या पानवाल्यानं विचारलं, काय काम हाय? मी म्हणालो, काय न्हाई, आणि पान घेतलं.

दगड अजून आहे. मंडळाची पोरं दरवर्षी अक्षरांत नवा रंग भरतात. मागच्या खेपेला गेलो तेव्हा त्यांनी नुकताच भरला होता. मी 'पट्टीचा'वरून बोट फिरवलं. रंग ओला होता, बोटाला लागला, तांबडा. कुणी बघायच्या आत मी तो पँटला पुसला.