आत्याने रंगवलेले डोळे

माझी आत्या डोळे रंगवते म्हटलं की लोकांना ब्युटी पार्लर वाटतं. मग मी अभिमानाने समजावते, अपघातात किंवा आजारात ज्यांचा डोळा गेला, त्यांना बसवायचा प्लास्टिकचा डोळा ती हाताने रंगवते. पांढऱ्या भागातल्या शिरांसाठी तर लाल रेशमाचे तंतू, केसाहून बारीक, एकेक करून चिकटवते.

चित्रकला शिकून बाहेर पडली तेव्हा तिला मोठाली चित्रं काढायची होती. इस्पितळातली नोकरी तात्पुरती म्हणून धरली, त्याला आता एकतीस वर्षं झाली.

तिचा मोठा भाऊ, म्हणजे माझे बाबा, फार देवभोळे. "देवाने नेलं ते परत करणारी तू कोण गं?" असं ते तिला नेहमी विचारायचे.

"परत कुठे करते, दादा? त्या डोळ्याने दिसत काहीच नाही. माणसाने मान वर करून चालावं, एवढंच बघते."

बाबा तिचं काम बघायला मात्र कधी फिरकले नाहीत.

गेल्या वर्षी इस्पितळात यंत्र आलं. चांगल्या डोळ्याचा फोटो काढायचा, छापायचा, दुपारपर्यंत डोळा तयार. आत्याला दोन दिवस लागायचे. "आता जरा आराम करा," मोठे डॉक्टर म्हणाले. आत्याने घरी येऊन ब्रश धुतले, पुसले आणि कपाटात ठेवून दिले.

महिन्याभराने डॉक्टरांचाच फोन आला. एका सुताराच्या बायकोने नवऱ्यासाठी केलेला यंत्राचा डोळा नाकारला होता. आत्याचा पाय मुरगळलेला, म्हणून बाबा तिला गाडीने घेऊन गेले. बाहेरचं बाकडं भरलेलं होतं, त्यामुळे नाइलाजाने आत आले.

"रंग तोच आहे हो," सुताराची बायको म्हणाली, "पण हे रागावल्यासारखे दिसतात. हे कधी रागवत नाहीत."

"कधीच नाही असं काही नाही," सुतार पुटपुटला.

आत्याने त्याला खिडकीपाशी बसवलं आणि लाकडाबद्दल बोलतं केलं. फोटो झगझगीत दिव्यात काढलेला, त्यात डोळ्याची बाहुली आक्रसली होती. गप्पांत रमल्यावर ती मोठी झाली. शिवाय इतकी वर्षं भुश्यात काम करून त्याचा चांगला डोळा पिवळसर, लालसर झाला होता. यंत्राचा मात्र दुधासारखा पांढरा. आत्या थरावर थर देत राहिली. दुसऱ्या दिवशी कुणी न सांगता बाबा तिची पिशवी घेऊन गाडीपाशी उभे होते.

डोळा बसवला. बायकोने नवऱ्याकडे नीट पाहिलं, त्याची कॉलर सरळ केली आणि म्हणाली, "चला घरी."

परतताना बाबा म्हणाले, "पिवळ्यात तो निळा कशाला घातलास?" आत्या घर येईपर्यंत सांगत होती.

यंत्र अजून आहेच. ते पहिला छाप काढतं, शेवटचा हात आत्याचा. दोन मुली तिच्याकडे शिकताहेत. आणि बाबा? परवा बँकेच्या रांगेत एका गृहस्थांकडे टक लावून बघत होते. न राहवून विचारलंच, "उजवा माझ्या बहिणीने केलाय का हो?"

त्यांचे दोन्ही डोळे जन्माचेच होते.