धक्क्यावर वाचलेली मास्तरांची वही

विमान ढगातून खाली आलं तेव्हा आयर्लंड ओल्या शेवाळासारखं दिसलं. फेब्रुवारी २०२० होता. मुलाकडे तीन महिन्यांसाठी निघाले होते, राहिले दीड वर्ष. महिन्याभरात सगळं जग बंद झालं.

डून लेरी हे डब्लिनच्या दक्षिणेला समुद्रकाठचं गाव. मुलगा नि सून दिवसभर घरातच संगणकापुढे. नातीला मराठी समजायचं, पण उत्तर इंग्रजीत. बांगडा मिळायचा, बर्फासारखा गार, कागदात गुंडाळलेला. कालवणाला घरचा वास येत नसे. संध्याकाळी बंदराच्या लांब दगडी धक्क्यावर एकटीच फिरून यायचे. कुणी काही विचारलं तर ‘ग्रँड’ (बरं चाललंय) म्हणायचं, हे नातीने शिकवलं होतं. इथे काहीही झालं तरी लोक हेच म्हणतात.

उन्हाळ्यात एकदा धक्क्यावर फोनवर बहिणीशी बोलत होते. बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक म्हातारे गृहस्थ बसले होते. माझा फोन संपला तसा त्यांनी मास्क खाली केला.

“बाय, रत्नागिरीकडची काय गो तू?”

आमच्याकडची बोली ऐकून मी वळले. ते कासमचाचा, ऐंशी वर्षांचे निवृत्त डॉक्टर. सातव्या वर्षी कोकण सुटलं, कराचीत वाढले, शिकायला इथे आले आणि इथलेच झाले. आईच्या तोंडची बोली तेवढी उरली होती.

“आमचं गाव तुफानात समुद्रात गेलं,” ते म्हणाले.

त्यांचे वडील खाडीकाठच्या मराठी शाळेत मास्तर होते. मुसलमानांना वेगळा मुलूख हवा म्हणून त्यांनी लेख लिहिले, सभा घेतल्या. मुलूख झाला तसे बायकोमुलाला घेऊन तिकडे गेले. चाचा नातवंडांसाठी त्यांचं चरित्र लिहीत होते. वडिलांच्या एका वहीपाशी अडलं होतं. ती मराठीत होती.

“तू वाचशील?”

“माझी चौथीच झालीय.”

“माझी तर पहिलीपण धड नाय.”

ऑक्टोबरात पुन्हा बंदी आली, पाच किलोमीटरपलीकडे जायचं नाही. धक्का जवळ होता. मी ओळीखाली बोट फिरवत वाचायचे, चाचा दोन हात लांब बसून ऐकायचे. ज्या विचाराने देश तुटला असं मी ऐकत आले, तो विचार माझ्या मांडीवर होता. अक्षर फार सुंदर होतं. ‘आमची पोरं मान वर करून जगतील असा मुलूख,’ असं जागोजागी लिहिलेलं. काही वाक्यं टोचायची, मी अडखळायचे.

“वाच. सोडू नको,” चाचा म्हणायचे.

मग कराची आली. तिथे मास्तरकी मिळाली नाही, गोदामात कारकुनी. शेवटचं पान मी आधी मनात वाचलं: ‘कासम रोज गावाला जाऊ म्हणतो. आज त्याला सांगितलं, गाव तुफानात बुडालं. आता तो मागे वळून बघणार नाही. मी मात्र रोज बघतो.’ खाली गावाचं नाव होतं. आमच्या गावासमोरचं, खाडीपलीकडचं.

“पुढे कोरं आहे,” मी म्हणाले.

“बाय, कोऱ्या पानावर बोट कशाला फिरतंय?”

मग ते पान मोठ्याने वाचलं. चाचा पाण्याकडे वळले.

“गाव हाय?”

“आहे.”

“मी पोरांनापण हेच सांगितलं, बुडालं म्हणून.” मग म्हणाले, “माझ्या छातीत आता दम नाय. तू गेलीस की फोन लाव. गाव ऐकव मला.”

ऑगस्ट २०२१ मध्ये परतले. आठवड्याने तरीने (खाडी ओलांडायच्या होडीने) पलीकडे गेले. मशीद होती. निम्म्या घरांना कुलपं, शाळेलाही. मी चाचांना फोन लावून हातात धरला. ओट्यावर एक म्हातारी सुकट निवडत बसली होती. मास्तरांचं नाव घेऊन तिला विचारलं.

“कंचे मास्तर? नाय बा ठाव.”

फोन चालू होता. “चाचा?” मी हळूच म्हटलं.

“ग्रँड,” ते म्हणाले, आणि फोन ठेवला.

परतीच्या तरीत मी त्या फोनकडे बघत बसले. मास्तर खोटं बोलले, मी खरं वाचलं. दोघांनी मिळून त्या सात वर्षांच्या मुलाचं गाव दोनदा बुडवलं.