राखीव खोलीतला दीड तास

शाळेत त्यांना सगळे घड्याळबाई म्हणायचे. मुलं पाठीमागे, आम्ही शिक्षक तोंडावर. त्यांना राग येत नसे. "निदान बंद पडलेलं घड्याळ तरी म्हणत नाही ना कोणी," एवढंच म्हणायच्या.

त्या गणित शिकवायच्या, पण त्यांची खरी ओळख होती परीक्षा विभाग. शेवटच्या वर्षाच्या मुलांच्या प्रगत परीक्षा मे महिन्यात दोन आठवडे चालत. पेपर मंडळाकडून सीलबंद यायचे, सगळ्या शाळांत एकाच दिवशी, एकाच वेळी. त्या गुणांवर विद्यापीठाचा प्रवेश ठरायचा. त्यामुळे ते दोन आठवडे घरोघरी सगळ्यांचा जीव टांगणीला लागलेला असे. खालच्या वर्गांची शाळा मात्र रोजच्यासारखी चालू. या दोन्ही गाड्या एकाच रुळावरून एकमेकांना न धडकता चालवायच्या, हे घड्याळबाईंचं काम.

मी भूगोल शिकवायचो. माझं टेबल त्यांच्या शेजारी. फेब्रुवारीपासून त्या मोठ्या कागदावर चौकटी आखत बसलेल्या दिसायच्या. कोणता हॉल, कोणती खोली, कोण पर्यवेक्षक, त्याचा तास कोण घेणार. परीक्षेच्या बाजूची घंटा बंद करायची. खेळाचा तास लांबच्या मैदानावर हलवायचा. प्रत्येक खोलीतल्या घड्याळाचे सेल त्या स्वतः बदलायच्या. हे झालं कागदावरचं. कागदाबाहेरचंही त्यांना ठाऊक असे. कोणाला पेपराआधी उलटी होते, त्याचा बाक दाराजवळ. कोणाला अक्षरं उलटसुलट दिसतात, त्याला जादा वेळ आणि वेगळी खोली. कोण सकाळी काही न खाता येतं, त्याच्यासाठी टेबलाच्या खणात केळी. एकदा मी म्हटलं, "बाई, तुमच्या खणाला माकडं लागतील." त्या म्हणाल्या, "लागलीच आहेत. कालचं केळं कुठे गेलं, सांगू का?"

घरी त्या आणि त्यांची मोठी बहीण, दोघीच. ताईंना ऐकू कमी यायचं, त्यामुळे घरात सगळं मोठ्यानं बोललं जाई. ताई म्हणायच्या, "शाळेतल्या पोरांचं सगळं पाठ असतं हिला. मी कोणत्या गोळ्या घेते ते विचारा बरं!"

त्या वर्षी एका मुलीचे दोन पेपर एकाच वेळी आले. रसायनशास्त्र आणि अर्थशास्त्र. असं झालं की एक पेपर सकाळी आणि दुसरा दुपारी घ्यायचा, हा मंडळाचा नियम. पण दुपारचा तो पेपर बाकीच्या मुलांनी सकाळीच सोडवलेला असतो. म्हणून मधला दीड तास त्या मुलीला राखीव खोलीत बसवायचं, दोन शिक्षकांच्या नजरेखाली. फोन नाही, निरोप नाही, कोणाशी बोलणं नाही. खोलीबाहेर पाऊल पडलं की दुपारचा पेपर रद्द.

मुलगी बारीक चणीची, सतत हालचाल करणारी. तिचे वडील तिला भिंगरी म्हणायचे, आणि शाळेत एकदा त्यांनी तशी हाक मारल्यापासून सगळेच म्हणायला लागले. वडील लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचे. पालकसभेला कामाच्या कपड्यांतच यायचे आणि सगळ्यांत मागच्या बाकावर बसून वहीत लिहून घ्यायचे.

बारा वाजता भिंगरीचा रसायनाचा पेपर संपला. घड्याळबाईंनी तिला राखीव खोलीत नेऊन बसवलं आणि दारात दुसऱ्या शिक्षिकेला थांबवून सह्या करायला त्या कार्यालयात आल्या. मी तिथेच होतो. दीड तासाचा दुसरा पर्यवेक्षक मीच. तेवढ्यात मोठ्या बाईंच्या टेबलावरचा फोन वाजला. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. त्यांनी ऐकलं, एकदा आमच्याकडे पाहिलं आणि फोन सगळ्यांना ऐकू येईल असा केला.

भिंगरीचे काका बोलत होते. वडील साडेदहाला कामावर कोसळले होते. मेंदूत रक्तस्राव. रुग्णालयात नेलंय, शुद्धीवर आहेत, अधूनमधून बोलतायत. डॉक्टर काही नक्की सांगत नाहीत.

"तिला सांगू नका," काका म्हणाले. "पेपर होऊ दे. दादानं वर्षभर याच पेपरासाठी जीव काढलाय. आता अर्ध्यात उठवून आणलं तर तोच मला माफ करणार नाही."

"तिच्या आईचं काय म्हणणं आहे?" घड्याळबाईंनी विचारलं.

"वहिनी आत आहे, दादाजवळ. तिला काय विचारता या वेळी? मी सांगतोय ना!"

फोन ठेवला गेला. भिंतीवर बारा वीस झाले होते. मोठ्या बाईंनी घड्याळबाईंना विचारलं, "नियम काय आहे?"

"खोलीबाहेर गेली तर पेपर रद्द. पण सवलतीचं कलम आहे. घरात असं काही घडलं तर बाकीच्या पेपरांवरून अंदाजे गुण देतात."

"अंदाजे गुणांवर तिला हवा तो प्रवेश मिळेल?"

"सांगता येत नाही."

"काका एवढं स्पष्ट सांगतायत. मध्ये पडणाऱ्या आपण कोण?"

घड्याळबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना कोणीतरी 'सांगा' म्हणायला हवं होतं, हे मला तेव्हाही कळलं होतं. मी म्हणालो, "चार तासांचा तर प्रश्न आहे, बाई. ते शुद्धीवर आहेत म्हणतायत ना."

हे वाक्य माझं. आज हे सगळं सांगताना ते दुसऱ्या कोणाच्या तोंडी घालता आलं असतं.

आम्ही राखीव खोलीत गेलो. भिंगरी डबा उघडून बसली होती. पाव आणि उकडलेलं अंडं. "बघा ना बाई, बाबांनी अंडं सोललंच नाही आज," ती हसत म्हणाली. "घाईत होते. डोकं दुखतंय म्हणत होते सकाळपासून." मग बोटांनी कवच काढता काढता तिनं सहज विचारलं, "त्यांचा फोन आला होता का हो? पेपर सुटला की कार्यालयात विचारीन म्हणाले होते."

घड्याळबाई म्हणाल्या, "नाही आला."

खोटं नव्हतं ते. वडिलांचा फोन आला नव्हता. मी पर्यवेक्षकाच्या कागदावर वेळ लिहिली. भिंगरीनं अर्थशास्त्राची वही काढली. घड्याळबाई तिच्यासमोर बसून होत्या. मध्येच त्यांनी तिला पाणी दिलं, खिडकीतून ऊन येत होतं म्हणून बाक सरकवून दिला. एकदा त्या उठल्या, दारापर्यंत गेल्या. मला वाटलं, आता बोलणार. पण दाराची कडी नीट बसलीय का ते पाहून त्या परत आल्या.

दीड वाजता पेपर सुरू झाला.

सव्वातीनला शिपाईमामा दारात आले. त्यांनी चिठ्ठी आत सरकवली आणि कधी नव्हे ते माझ्या नजरेला नजर न देता निघून गेले. घड्याळबाईंनी चिठ्ठी वाचली, घडी घातली, माझ्या हातात दिली. तीन दहाला गेले. एवढंच होतं तिच्यात.

तेवढ्यात भिंगरीनं हात वर केला. पुरवणी हवी होती. घड्याळबाईंनी पुरवणी नेऊन दिली, तिच्यावर सही केली. तिच्या मागे उभं राहून त्यांनी एकदा तिच्या डोक्याच्या दिशेनं हात नेला आणि तसाच मागे घेतला. पर्यवेक्षकानं परीक्षार्थीला हात लावायचा नसतो.

साडेचारला तिनं पुरवण्या बांधून दिल्या. "मस्त गेला, बाई! शेवटचा प्रश्न तर अगदी काल केलेला!" घड्याळबाईंनी उत्तरपत्रिका पाकिटात घातली, सील केली, मग दार लावून तिच्या शेजारच्या बाकावर बसल्या.

"बस जरा."

भिंगरी बसली. तिच्या चेहऱ्यावरचं हसू अजून पुरतं गेलं नव्हतं. "बाबा?" तिनं विचारलं. कोणी काही सांगितलेलं नसताना.

"हो. दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी गेले."

"मी पुरवणी मागत होते तेव्हा?"

"त्याच्या थोडं आधी."

"झालं काय पण?"

घड्याळबाईंनी सगळं सांगितलं. साडेदहा, रुग्णालय, काकांचा फोन, बारा वीस. एकही वेळ त्यांनी मागेपुढे केली नाही.

भिंगरी रडली नाही. ती मनातल्या मनात हिशेब करत होती. मग म्हणाली, "मी तुम्हाला विचारलं होतं."

"हो."

"तुम्ही नाही म्हणालात."

मी मध्ये पडलो. "बाळ, तुझ्या काकांनीच सांगितलं होतं की..." तिनं माझ्याकडे पाहिलंदेखील नाही.

माझ्या गाडीतून आम्ही तिला रुग्णालयात सोडलं. पूर्ण रस्ता ती डब्याचं झाकण उघडत होती, लावत होती. घड्याळबाई तिच्यासोबत आत जायला उतरल्या, तर ती म्हणाली, "तुम्ही नका येऊ."

पुढच्या आठवड्यात तिचे दोन पेपर उरले होते. ती आली, लिहून गेली. घड्याळबाईंनी त्या दोन्ही दिवशी तिच्या खोलीवर दुसऱ्याला पाठवलं आणि स्वतः जिन्याखालच्या सामानाच्या खोलीत कोरे कागद मोजत बसल्या.

निकालात अर्थशास्त्रात भिंगरी शाळेत पहिली आली. गुणपत्रिका घ्यायला तिची आई आली. सही केली, कागद पिशवीत ठेवला आणि विचारलं, "त्या दिवशी खोलीत होत्या त्या बाई कोण?"

घड्याळबाई उभ्या राहिल्या.

"ह्यांनी तीनदा विचारलं," आई म्हणाली. आवाज जराही चढलेला नव्हता. "भिंगरी निघाली का? दर वेळी आमचे दीर म्हणाले, निघाली, येतेय. शाळा काय दूर नाही, वीस मिनिटं. ते दाराकडेच बघत होते. मला वाटलं तुम्ही सोडत नाही आहात. मी मनात तुम्हाला शिव्या घालत होते. मला कोणी विचारलंच नाही हो. मला विचारायला हवं होतं."

"हो," घड्याळबाई म्हणाल्या. "चुकलं आमचं."

"मार्क चांगले आहेत," आई म्हणाली आणि गेली.

त्यानंतर घड्याळबाई हट्टाला पेटल्या. परीक्षेच्या अर्जात एक ओळ हवी: राखीव वेळेत घरून गंभीर निरोप आला तर तो विद्यार्थ्याला लगेच सांगितला जाईल, आणि पुढे काय करायचं ते विद्यार्थी ठरवेल. मोठ्या बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. चार बैठका झाल्या. त्या दिवसाचं नाव निघालं की सगळे टेबलाकडे बघत बसायचे. मीही. शेवटी ओळ छापली गेली.

पुढच्याच वर्षी एका मुलाचे आजोबा अत्यवस्थ असल्याचा निरोप आला. घड्याळबाईंनी पाच मिनिटांत राखीव खोलीत जाऊन सांगितलं. सवलतीचं कलम सांगितलं, तोटाही सांगितला. मुलगा उठला, निघाला. आजोबा त्याला भेटले, आणि चार दिवसांनी बरे होऊन घरी आले. मुलाला अंदाजे गुण मिळाले आणि हवा असलेला प्रवेश दोन गुणांनी हुकला.

त्याच्या वडिलांनी कार्यालयात सगळ्यांदेखत त्यांना धारेवर धरलं. "माझ्या पोराच्या आयुष्याची माती केलीत! वेळापत्रक आखायचं काम तुमचं, नसती समाजसेवा कोणी सांगितली?" त्या मान खाली न घालता ऐकत उभ्या होत्या. मोठ्या बाई आपल्या खोलीतून बाहेर आल्या नाहीत. जूनमध्ये परीक्षा विभाग त्यांच्याकडून काढून घेतला आणि माझ्याकडे दिला. मी नाही म्हणू शकलो असतो. म्हणालो नाही.

त्या निवृत्तीपर्यंत खालच्या वर्गांना अपूर्णांक शिकवत राहिल्या. मे महिन्यातले ते दोन आठवडे रजा घ्यायच्या. भिंगरीला त्यांनी एक पत्र लिहिलं होतं, हे मला नंतर ताईंकडून कळलं. उत्तर आलं नाही. "आलं का, म्हणून रोज विचारायचे मी," ताई सांगत होत्या. "एक दिवस चिडली माझ्यावर. म्हणाली, ती का उत्तर देईल? तिनं विचारलं तेव्हा मी दिलं होतं का?"

गेल्या वर्षी मी त्यांना भेटायला गेलो. गुडघे धरले होते, पण डोकं लख्ख. हॉल, बाक, जादा वेळेची मुलं, सगळं विचारून झालं. मग म्हणाल्या, "ती ओळ आहे ना अजून अर्जात?"

"आहे. पण आता खाली दोन चौकटी केल्यात. निरोप सांगावा, सांगू नये. पालकांनी खूण करायची."

"कशावर करतात खूण?"

"सांगू नये. जवळजवळ सगळेच."

"आणि मुलांची सही?"

"ती लागत नाही, बाई."

 ताईंनी आतून मोठ्यानं विचारलं, चहात साखर किती घालू म्हणून. मीच उत्तर दिलं.