इंद्रभानचा आडोसा

रोहिणखेडात फवारणी म्हटली की लोक आधी इंद्रभानचं नाव घेत. त्याचं स्वतःचं वीतभर शेत नव्हतं, पण पाठीवर पंप घेऊन तो ज्यात शिरला नाही अशी कपाशी गावात सापडली नसती. वारा फिरला की मालक समोर उभा असला तरी पंप खाली ठेवून बसून राहायचा, आणि मालक कितीही कावला तरी ऐकू न आल्यासारखं करायचा. एवढ्या एका बाबतीत हट्टी. एरवी सगळ्यांशी गोड, जयंतीच्या मिरवणुकीत पोरासोरांत नाचणारा. फक्त स्वतःच्या पोराला त्याने कधी कडेवर घेतलं नाही.

गावाला याचं नवल वाटे. त्याच्या बायकोला, कलाबाईला, वाटत नसे. तिला सगळं ठाऊक होतं.

या पोराच्या, प्रेमानंदच्या, आधी त्यांना एक मुलगी झाली होती, धम्मशीला. नुकती कुठे दुडूदुडू चालायला लागलेली. एका दुपारी इंद्रभान फवारून आला, औषधाने भिजलेला सदरा काढून वलणीवर टाकला आणि हातपाय धुवायला गेला. पोरीला बापाच्या कपड्यांचं भारी वेड. तिने सदरा खाली ओढला आणि त्यातच गुरफटून झोपली. कलाबाई चुलीपाशी होती, पोर झोपली म्हणून तिला बरंच वाटलं. पोर उठलीच नाही. मोताळ्याच्या डॉक्टरने विचारलं, हिच्या अंगावर काय होतं? इंद्रभानच्या तोंडून शब्द फुटेना, म्हणून कलाबाईने सांगितलं. ते आपण त्याच्यादेखत का सांगितलं, हे तिला जन्मभर सलत राहिलं.

प्रेमानंद झाला तेव्हा इंद्रभानने अंगणात लिंबाखाली एक दगड आणून बसवला. शेतातून आला की आधी त्या दगडावर बसायचं, लाल साबणाने कातडं सोलेस्तोवर अंग घासायचं, कपडे दूर बाभळीच्या कुंपणावर टाकायचे. त्यांना कलाबाईनेही शिवायचं नाही. एवढं करूनही पोराला जवळ घ्यायचा नाही. साबणाने वास जातो, विष जातं की नाही ते कोणी बघितलं, असं त्याचं म्हणणं. फवारणीच्या दिवसांत पोराची रवानगी देऊळघाटला मामाकडे, आणि जरा मोठा झाल्यावर शेगावच्या वसतिगृहात. वर्गात पहिला आल्याचं सांगायला तो एकदा वसतिगृहातून न कळवता आला आणि धावत बांधापर्यंत गेला, तर हा माणूस पंपासकट मागे सरला आणि दूर हो म्हणून ओरडला. पोरगा घरी परतला, पण त्याचं मन काही परतलं नाही.

त्या रात्री कलाबाई नवऱ्याशी भांडली. पोराला खरं काय ते सांगून टाका, म्हणाली.

"नाही," इंद्रभान म्हणाला. "त्याले समजलं तं तो मले भिऊन राहीन. रागानं दूर राह्यला तं चालते मले. भेवानं नको."

त्याने तिला पोराची शपथ घातली. अशी शपथ मोडायची कोणत्या आईची छाती होणार?

मग बीटीचं बियाणं आलं. गाडीवर कर्णा लावून एक माणूस गावोगाव सांगत फिरला की आता अळीचा विषय संपला, फवारणीची कटकट गेली. धंदा बुडाला म्हणून इंद्रभानने डोक्याला हात लावायचा, तर गडी हसत घरी आला. फवारणीचे कपडे त्याने त्याच संध्याकाळी जाळले आणि निंदण-वखरणाला जाऊ लागला. पुढच्या सुट्टीत प्रेमानंद यायचा होता, तेव्हा हा सकाळपासून न्हाऊनमाखून, ठेवणीतला पांढरा सदरा घालून ओट्यावर बसला. पोरगा आला, जयभीम म्हणाला, पिशवी ठेवली आणि सवयीने चार हात लांब जाऊन बसला. मिसरूड फुटू लागलेल्या पोराला बाप आता कडेवर घेणार तरी कसा? इंद्रभानने नुसता सदरा सारखा केला. कलाबाई आत जाऊन रडली.

ते सुखही टिकलं नाही. दोन-चार हंगामांनी तुडतुडे वाढले, पांढरी माशी आली, आणि शेवटी जी मेली म्हणून डंका पिटला होता ती अळीही परत आली. पंप पुन्हा पाठीवर चढला.

प्रेमानंद शिकत शिकत पुण्याच्या एका प्रयोगशाळेत लागला. चंद्राच्याही पलीकडे लांब जाणाऱ्या माणसांना तिकडच्या किरणांपासून कसं वाचवायचं, हे त्याचं काम. इंद्रभान चहाच्या टपरीवर ज्याला त्याला सांगे की आपला पोरगा आभाळातल्या माणसांसाठी आडोसा करतो. पोरासमोर मात्र चकार शब्द नाही.

एका वर्षी धम्मचक्र दिनाला प्रेमानंद आला असताना कलाबाईने विचारलं, बाबा रे, तू नेमकं करतोस तरी काय? पोरगा खुलला. इथे आपल्यावर हवेचं पांघरूण आहे, तिथे काहीच नाही, म्हणाला. सूर्य खवळला की किरणांचा मारा होतो. किरणांपासून वाचायचे उपाय तीनच: त्यांच्यात कमी वेळ राहायचं, त्यांच्यापासून लांब राहायचं आणि मधे आडोसा धरायचा. त्या प्रवासात पहिले दोन जमत नाहीत, म्हणून सगळी भिस्त आडोशावर. वादळ उठलं की यानाच्या मधोमध, भोवती पाण्याच्या पिशव्या रचून बसायचं. मग चांगलं जाड शिसंच का लावत नाहीत, असं तिने विचारलं. त्यावर तो म्हणाला, तिकडचे किरण शिशावर आदळले की त्यातून नवेच किरण फुटतात आणि आतल्याच माणसाला लागतात. आपल्या घरात हेच होऊन बसलं, असं कलाबाईला वाटलं.

इंद्रभान लिंबाखालच्या दगडावर बसून ऐकत होता. त्याने पोराला आपणहून काही विचारल्याचं कलाबाईला आठवत नव्हतं. त्या दिवशी विचारलं.

"त्या आडोशाचं काय होते मंग?"

"त्याचं काय होणार, बाबा? मार खायासाठीच असते तो. खराब झाला का बदलून टाकतात."

"बराबर हाय," इंद्रभान म्हणाला आणि अंगाला साबण लावू लागला.

पुढच्या हंगामात कपाशी डोक्याच्या वर गेली. फवारा वर धरावा तर सगळा आपल्याच तोंडावर. अळी बोंडं पोखरत होती, मालक घायकुतीला आले होते, दोन-तीन औषधं एकत्र कालवून देत होते. वारा फिरला तरी थांबायची सोय राहिली नाही. इंद्रभान कपाशीच्या ओळीतच कोसळला, त्याला बुलडाण्याच्या दवाखान्यात नेलं.

निरोप मिळताच प्रेमानंद पुण्याहून निघाला. खाटेपाशी येऊन तो वाकला, बापाचा हात धरायला गेला. इंद्रभानच्या तोंडात नळी होती, बोलता येत नव्हतं. त्याने होतं नव्हतं तेवढं बळ लावून हात मागे ओढला आणि तळव्याने खूण केली, दूर. पोरगा बाहेर येऊन बाकावर बसला.

"मरतानीही दूरच, माय," तो म्हणाला.

कलाबाईचं काळीज तुटलं. नवऱ्याचा जीव अजून आत होता आणि त्याची शपथ तिच्या गळ्याशी होती. ती पदर तोंडात धरून कितीतरी वेळ बसून राहिली. तिला बोलायला उशीर झाला, फार उशीर झाला. शेवटी ती बोलली. धम्मशीलाचं, सदऱ्याचं, जाळलेल्या कपड्यांचं, सगळं सांगितलं. तुला जपायलाच तो असा वागला, म्हणाली.

"आडोसा बदलून टाकतात म्हटलं होतं मी त्याले," प्रेमानंद म्हणाला आणि उठून आत धावला. आत नर्स इंद्रभानच्या तोंडावर चादर ओढत होती.

दवाखान्याचे सोपस्कार उरकून दुसऱ्या दिवशी त्याला गावी आणलं. लिंबाखाली, त्याच दगडाला टेकवून बसवलं. आंघोळ घालायला भावकीतले म्हातारे पुढे झाले, पण प्रेमानंदने तांब्या कोणाच्या हाती दिला नाही. लाल साबणाची वडी त्याने स्वतः शोधून आणली. बापाचे खांदे धुतले, पंपाच्या पट्ट्यांचे घट्टे धुतले, बोटांच्या बेचक्या धुतल्या, नखं धुतली. धुऊन झालं की पुन्हा पहिल्यापासून. लोक एकमेकांकडे बघू लागले, उशीर होतोय म्हणून कुजबुजू लागले. त्याला कोणी थांबवेना.

कलाबाई उठून त्याच्याजवळ गेली. तिने त्याच्या हातातून तांब्या काढून घेतला आणि खाली ठेवला.

"झाली त्याची आंघोळ," ती म्हणाली. "आता घे त्याले जवळ."