मी बदललेलं आडनाव

नऊ वर्षं हे मी कुणालाही सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. सांगायची वेळ आलीच नाही असं नव्हे. बरेचदा आली, आणि दर वेळी मी विषय बदलला. विषय बदलण्यात मी पटाईत आहे. आज बदलणार नाही, एवढं ठरवून बसले आहे.

माझं गाव चांदूर बाजारजवळचं. घर कुणब्याचं, संत्र्याची बाग. एम.एस्सी.ला, वनस्पतिशास्त्राला, अमरावतीला आले तेव्हा मला चहासुद्धा धड जमत नव्हता. आमच्या वर्गात अकोल्याची प्रज्ञा खंडारे होती. तिलाही खोली हवी होती, मलाही. पहिल्याच आठवड्यात आम्ही दोघींनी मिळून एक खोली केली. वडील पोस्टात, घर बौद्ध — हे तिने पहिल्याच दिवशी सांगितलं, सहज, जसं मी बागेचं सांगितलं तसं. मला काही वाटलं नाही. खरंच वाटलं नाही. म्हणूनच तर पुढचं सांगायला जड जातं.

तिच्याकडे एक इंडक्शन शेगडी होती आणि एक छोटा कुकर. तेवढ्यावर तिने मला जगायला शिकवलं. सकाळी प्रॅक्टिकलची घाई, तेव्हा खिचडी. रविवारी वरणफळं — तुरीच्या वरणाला उकळी आणायची, कणकेची पोळी लाटून सुरीनं शंकरपाळ्यासारखी कापायची, एकेक तुकडा वरणात सोडायचा, वरून लसणाची फोडणी. माझे तुकडे एकमेकांना चिकटून गोळा व्हायचे. ती हसायची. "लोटू नको सारे एकदम. गर्दी करते काहून?" म्हणायची.

आईचा फोन आला तो दुसऱ्या महिन्यात. सोबतची पोरगी कशी आहे, काय खाता, कोण रांधतं — आणि मग, "कोनाची हाये ते? आडनाव काय?"

समोर प्रज्ञा कांदा चिरत होती. कानात इअरफोन, मान खाली. मी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "देशमुख."

का? आईने विचारल्यावर मी घाबरले का? घाबरले. खोली सोडायला लागेल, घरी परत बोलावतील असं वाटलं का? वाटलं. पण मला विचार करायला वेळसुद्धा लागला नाही हो. ते आडनाव तयारच होतं जिभेवर. आई म्हणाली, "बरं झालं बाई," आणि त्या दिवसापासून तिची काळजी संपली.

त्यानंतर वर्षाहून जास्त आम्ही एका कुकरातलं जेवलो. विषय निवडायची वेळ आली तेव्हा वर्गातल्या जवळजवळ सगळ्या मुली मॉलिक्युलर बायोलॉजीच्या मागे होत्या, नाव मोठं म्हणून. मीही फॉर्मवर तेच लिहिणार होते. प्रज्ञाने अभ्यासक्रमाची पानं खाटेवर पसरली आणि तासभर माझ्याशी भांडली. "तुमच्या बागेतली झाडं वाळून राहिली म्हनते ना तू? मंग झाडाचे रोग शिक. नाव मोठं घेऊन काय करते?" मी वनस्पतिरोगशास्त्र घेतलं. आज एका कॉलेजात तोच विषय शिकवते. माझी भाकरी तिने निवडून दिलेल्या विषयाची आहे.

बघा, मी पुन्हा चांगल्या आठवणींकडेच वळले. आता सरळ सांगते.

दुसऱ्या वर्षी, दिवाळीनंतरच्या एका रविवारी, दुपारी आई न सांगता आली. पिशवीभर संत्री घेऊन. प्रज्ञाने नुकतीच वरणफळं केली होती. तिने आईला पाणी दिलं, बसायला चटई टाकली, ताट वाढलं. आई दोन घास खाऊन खूश झाली.

"हाताले चव हाये पोरी तुह्या. देशमुखाच्या घरचं वळन लपत नाई."

प्रज्ञाच्या हातातली पळी तिथेच थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, वाट पाहत. तिने मला संधी दिली होती. केवढा वेळ लागतो, "आई, ती खंडारे हाये," एवढं म्हणायला?

आईच पुढे बोलली, "अकोल्यातले कोनते देशमुख तुमी?"

मी म्हणाले, "तिच्या बाबाची सारखी बदली होते आई, तुले कुठून माहीत असनार? घे ना अजून थोडं." आणि प्रज्ञाच्या हातातून पळी घेऊन मीच वाढलं.

ती आईच्या पेल्यात पाणी भरायला उठली. पुढे कितीतरी दिवस मला वाटायचं — तेव्हा तिनेच सांगून टाकलं असतं तर बरं झालं असतं. म्हणजे माझं खोटं निस्तरायचं कामही मी तिच्यावरच टाकत होते.

आईला बसस्टँडवर सोडून आले तेव्हा प्रज्ञा कुकर घासत होती. पाठमोरीच बोलली, "मले आधी सांगितलं असतं तर मी डबा घेऊन लायब्ररीत गेली असती. पन माझं नाव काहून बदललं तू? माझ्या बापानं ते पाटीवर रंगवून दारावर लावलं हाये."

यावर मी काय म्हणाले? माफ कर म्हणाले? नाही. मी म्हणाले, "तुह्याच भल्यासाठी केलं मी. नाई तं हे खोली राहिली असती का?"

माझा खरा अपराध हा आहे. आईशी खोटं बोलले ते भीतीपोटी. या वाक्यात भीती नव्हती. तिचं नाव पुसून वर मी तिच्याकडून उपकाराची अपेक्षा करत होते.

दुसऱ्या दिवसापासून तिने मेस लावली. परीक्षेपर्यंत त्याच खोलीत राहिली, नोट्स मागितल्या तर देत राहिली. कुकर मात्र फळीवर तसाच ठेवला, आणि मी त्यात माझी एकटीची खिचडी लावत राहिले. तिच्याच कुकरात! वर्गातल्या मैत्रिणींनी मेसचं विचारलं तर मी हसून सांगायची, "प्रज्ञाले माझ्या हातचं आवडत नाई." त्याही हसायच्या.

गेल्या महिन्यात पहिल्या वर्षाची एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली. खोली शोधत होती. "मॅडम, आपल्यातलीच पार्टनर मिळंल का?" म्हणाली. मी तिला उभं ठेवून पंधरा मिनिटं झापलं. समता, शिक्षण, विज्ञान — काय काय बोलले. ती मान खाली घालून गेली. आणि मला खुर्चीवर बसवेना. मी कोण होते तिला बोलणारी?

त्या रविवारी गावी गेले. आई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. तिला सगळं सांगितलं. मनात कुठेतरी आशा होती की ती म्हणेल, अगं, मला काही वाटलं नसतं. ती तसं म्हणाली नाही. "तवा सांगितलं असतं तं मी जेवली नसती," म्हणाली. सोललेले दाणे सुपात ओतले. मग विचारलं, "तिले बोलली का तू?"

प्रज्ञा आता अकोल्याला कृषी खात्यात अधिकारी आहे. नंबर मिळवून फोन केला. मी सगळं पहिल्यापासून सांगायला लागले, तर तिने मध्येच थांबवलं.

"हे मले काहून सांगून राहिली? मी तेथच होती. ज्याइले माहीत नाई त्याइले सांग." आवाज चढला नव्हता. तिची मीटिंग होती, तिने फोन ठेवला. नंतर मी पुन्हा केला नाही.

आमच्या वर्गाचा ग्रुप अजून आहे. प्रज्ञा त्यात कधीच नव्हती. का नव्हती, हे कुणी विचारलंही नव्हतं. मी तिथे लिहिलं, आडनावासकट, मेसचं खरं कारणही. बऱ्याच जणींनी वाचलं. एकीने लिहिलं, "जाऊ दे ना आता, जुनं झालं."

सोमवारी त्या विद्यार्थिनीला पुन्हा बोलावलं. या वेळी खुर्ची दिली. समतेवर काही बोलले नाही; जे घडलं ते घडलं तसं सांगितलं, मी काय काय म्हणाले तेही. शेवटी भीत भीत म्हणाली, "मंग त्याइनं तुमाले माफ केलं का मॅडम?"

"नाही," मी म्हणाले. घंटा झाली होती. हजेरीपट घेतला आणि तासाला गेले.