बोरामच्या आईचा चेहरा

रविवारपासून मालसुनचा पाय घरात ठरत नव्हता. भांडी घासता घासता मधेच हात पुसून ती फोन बघायची. फोन ठेवला की खिडकीशी जायची. खाली कोरियाच्या दक्षिण किनाऱ्यावरचं तोंगयोंगचं बंदर, त्यातल्या त्याच बोटी. तिथे काही हरवल्यासारखी उभी राहायची आणि परत मोरीकडे वळायची. नवरा कीदोंग जहाजांच्या कारखान्यातून निवृत्त झाला होता. तो थंडीसाठी खालून तापवलेल्या फरशीला पाठ लावून टीव्ही बघत होता.

"पायांना चाकं लावलीस का गं?" त्याने विचारलं.

"बोरामची आई फोन उचलत नाही."

"मुलीचं लग्न तोंडावर आलंय तिच्या. तुझ्याशी गप्पा मारत बसेल होय?"

"नऊ वेळा केला."

"मग दहावा करू नकोस. माणसाला वाटेल वसुलीवाली आहे."

मालसुनला हसू आलं नाही. फोन का उचलला जात नाही याचा तिला अंदाज होता, आणि तो नवऱ्याला सांगण्यासारखा नव्हता.

एकसष्ट वर्षांची ही बाई सत्तावीस वर्षं घरोघरी फिरून चेहऱ्याला लावायच्या वस्तू विकत होती. आधी खांद्यावर पेटी होती, गुडघे कुरकुरायला लागल्यावर चाकांची बॅग आली. तिची गिऱ्हाइकं म्हणजे बंदरापलीकडच्या शेडमध्ये कालवं सोलणाऱ्या बायका. ऑक्टोबर ते मे, पहाटेपासून शिंपल्यांच्या ढिगापुढे उभं राहायचं, हातात आखूड सुरी, तोंडावर खारं पाणी उडतंय, दारातून वारा कापत येतोय. घरी जावं तर फरशी तापलेली, हवेत ओलावा नाही. चेहरे तडकायचे. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत मालसुन एकेकीला उलट्या क्रेटवर बसवायची आणि दहा मिनिटं तोंडाला सीरम लावून बोटांनी थोपटायची. त्या बायकांच्या तोंडावरून दुसऱ्या कुणाचा हात असा फिरत नव्हता. अर्ध्याजणी बाटलीपेक्षा त्या दहा मिनिटांसाठीच माल घ्यायच्या, हे मालसुनला ठाऊक होतं.

इतकी वर्षं तिने विकलं ते चेहऱ्याला ओल देणारं. जिनसेंगचं, गोगलगायीच्या चिकट रसाचं, कधी नुसतं पाण्यासारखं पातळ. त्यातलं कुठलंच कुणाला बाधण्यासारखं नव्हतं. गेल्या थंडीत कंपनीने बारीक सुरकुत्यांसाठी रेटिनॉलचं सीरम काढलं. शाखेत शिकवणी झाली, हातात कागद दिला. पहिले काही आठवडे आठवड्यातून दोनदाच, तेही रात्री. दिवसा उन्हापासून जपा. आग झाली तर थांबा. मालसुनने तो कागद दोनदा वाचला होता.

आणि मग ओकबुन आली, म्हणजे बोरामची आई. मालसुनहून चार वर्षांनी लहान आणि सगळ्यात जुनी गिऱ्हाईक. बोराम पाळण्यात होती तेव्हापासूनची.

"ताई, लग्नाला चार आठवडे राहिलेत," ती म्हणाली होती. "विहीणबाई माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी आणि दिसते माझ्या धाकट्या बहिणीसारखी. मंडपात आम्ही दोघी शेजारी उभ्या राहणार. हे डोळ्यांपाशी बघ, शिंपल्याच्या पाठीसारखं झालंय. काहीतरी जालीम दे."

चार आठवड्यांत होणार नाही, चार महिने लागतील, तेही थोडंफारच, असं सांगायचं होतं. पण सत्तावीस वर्षांत मालसुनने कुठल्याच गिऱ्हाइकाला 'होणार नाही' म्हटलं नव्हतं. शेडमधल्या तरण्या बायका आता फोनवरून माल मागवत होत्या, त्यांच्यासमोर एक तरी चमत्कार दाखवावा अशी हावही तिला सुटली होती. ती म्हणाली, "रोज रात्री लाव. सढळ हाताने."

आठव्या दिवशी ओकबुनचा फोन आला. "ताई, साल निघतेय गं. झोंबतंय."

"जुनी कातडी जातेय, खालून नवी येतेय. थांबू नकोस."

तेव्हापासून हे वाक्य मालसुनच्या कानात बसलं होतं. जेवताना ऐकू यायचं, बसमध्ये ऐकू यायचं. 'थांबू नकोस.' कुणी सांगितलं होतं तिला असं सांगायला?

बुधवारी ती उठली आणि बॅग न घेताच शेडकडे निघाली. बॅगेशिवाय तिला पाहून दारातली पिलनाम ओरडलीच, "अगं बाई, आज पेटीवाली हात हलवत! माल संपला की गिऱ्हाइकं?" पिलनामचा आवाज असा होता की समुद्रातल्या बोटीवाल्यांनीही वळून बघावं.

ओकबुन अगदी शेवटच्या टेबलाशी होती. टोपी, वर रुमाल, नाकावर मास्क. मधे फक्त डोळे, आणि डोळ्यांभोवती लालभडक, सुजलेली कड.

"मास्क काढ," मालसुन म्हणाली.

"कशाला? आणखी काही विकायचंय?"

शेजारच्या दोन सुऱ्या थांबल्या. तिला ओकबुनला बाहेर नेऊन हळूच बोलायचं होतं, पण ओकबुनने मान वर केली नाही. ती शिंपला उघडायची, कालव टोपलीत टाकायची, पुढचा उचलायची.

"मी तुला चुकीचं सांगितलं," मालसुन तिथेच, सगळ्यांसमोर म्हणाली. "आठवड्यातून दोनदाच लावायचं असं कागदावर होतं. मी वाचलं होतं. तरी तुला रोज लाव म्हटलं. आणि साल निघायला लागली तेव्हा थांब म्हणायचं, तर तेही म्हटलं नाही. चूक तुझी नाही, माझी."

आता सगळ्याच सुऱ्या थांबल्या. ओकबुनने सुरी खाली ठेवली, रबरी मोजे काढले आणि मास्क उतरवला. गाल उकडलेल्या खेकड्यासारखे झाले होते, हनुवटीवर पापुद्रे. पिलनामसुद्धा गप्प झाली.

"साल निघतेय म्हणून मी न्हाणीघरात जाऊन घासलं," ओकबुन म्हणाली. "अंग घासायच्या त्या खरखरीत कापडाने. वाटलं, नवी कातडी लवकर वर येईल." मग ती मालसुनकडे रोखून बघत म्हणाली, "सत्तावीस वर्षं तुझं चोपडतेय. खरं सांग, त्याने एक तरी सुरकुती गेली का?"

"नाही."

"मग काय केलं त्याने?"

"पाणी धरून ठेवलं. कोरड्या कातडीवर रेघा उठून दिसतात, ओल असली की कमी दिसतात. एवढंच."

"ऐका!" पिलनामला पुन्हा वाचा फुटली. "आणि मला म्हणाली होतीस, दहा वर्षांनी लहान दिसशील!"

"तूच म्हणालीस. मी नुसतं हो म्हटलं."

कुणीतरी फिस्सकन हसलं. ओकबुन हसली नाही. मालसुनने तिचा हात धरला. "चल, डॉक्टरकडे. आत्ता. गमबूट राहू देत पायात."

कातडीचा डॉक्टर तरुण होता. त्याने भिंगातून बघितलं आणि विचारलं, "हे रोज लावायला कुणी सांगितलं?" मालसुनने शाळेतल्या मुलीसारखा हात वर केला. त्याने मलम लिहून दिलं. कोमट पाणी आणि मलम, चार दिवस दुसरं काही नाही. घासायचं कापड फेकून द्या. आग थांबली की मग एखादं साधं, बिनवासाचं, ओलाव्याचं काहीतरी. लग्न दहा दिवसांवर आहे म्हटल्यावर तो म्हणाला, "लाली बरीच उतरेल. पूर्ण उतरेल असं वचन देत नाही." मालसुनला वाटलं, या पोराला हे किती सहज म्हणता येतं.

चार दिवस तिला चैन पडलं नाही. घरातल्या साऱ्या बाटल्या तिने फरशीवर मांडल्या आणि भिंग घेऊन मागची बारीक अक्षरं वाचायला बसली. एवढ्या वर्षांत प्रथमच. जिनसेंगच्यात अत्तर. गोगलगायीच्यात अत्तर. जीवनसत्त्वाचं तर निरोगी गालालाही चुणचुणायचं. कीदोंग बाटल्यांवरून पाय उचलत मोरीकडे जाताना म्हणाला, "दुकान काढतेस का?"

"यातलं एकही तिला लावता येत नाही," मालसुन म्हणाली, आणि तिला भरून आलं.

शेवटी ती बाजारातल्या दुसऱ्या कंपनीच्या दुकानात गेली, तोंडाला मास्क लावून, कुणी ओळखू नये म्हणून. काउंटरवरची मुलगी जेमतेम पंचविशीची. बिनवासाचं, फक्त ओल देणारं, नाजूक कातडीला चालेल असं हवं म्हटल्यावर तिने एक साधी पांढरी बाटली पुढे केली. "आजी, हे ओल्या चेहऱ्यावर लावायचं हं. तोंड धुतलं की पुसून कोरडं करायचं नाही. आणि वरून लगेच क्रीम, नाहीतर गरम खोलीत सगळी ओल उडून जाते."

तू जन्मायच्या आधीपासून मी हे करतेय गं पोरी, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण मालसुन म्हणाली, "अजून सांग."

तिने ते आधी स्वतःच्या दंडाला आतून लावलं, मग जबड्याला. एक दिवस वाट पाहिली. मग ओकबुनच्या कानामागे एक थेंब, आणि आणखी एक दिवस. त्यानंतर रोज दुपारी ती ओकबुनच्या घरी जायची, तिचं तोंड कोमट पाण्याने ओलं करायची, दोन थेंब तळहातावर घेऊन नुसते दाबायची, घासायचं नाही, वरून क्रीम. ओकबुन डोळे मिटून बसायची. एकदा मालसुनने विचारलं, "झोंबतंय?" उत्तर आलं, "तू जवळ आलीस की झोंबतं." मालसुनने पुढचा थेंब तळहातावर घेतला.

शुक्रवारी संध्याकाळी बोरामचा फोन आला. "मावशी, उद्या सकाळी सात वाजता पार्लरला येशील? आई म्हणते येऊ नको म्हण. म्हणजे ये."

लग्न छांगवॉनला होतं. पहिली बस पकडून मालसुन पार्लरमध्ये पोचली तेव्हा ओकबुन आरशापुढे बसली होती. लाली उतरली होती, पण कातडी पातळ, नाकाच्या कडेला गुलाबी. मेकअप करणाऱ्या मुलीने जाड फाउंडेशनचा डबा उघडला होता.

"हे थापलं तर तासाभरात भेगा पडतील," मालसुन म्हणाली.

"मावशी, माझं काम मला करू द्या. आणखी चार नवऱ्यामुलींच्या आया रांगेत आहेत."

"पाच मिनिटं दे. पाचच."

मुलीने घड्याळाकडे बघून उसासा टाकला आणि बाजूला झाली. मालसुनने पाणी फवारलं, एक थेंब दाबला, थांबली. पुन्हा फवारलं, पुन्हा थेंब, पुन्हा थांबली. मग क्रीम. ओकबुनने आरशातूनच तिच्याकडे बघितलं, आणि पलीकडच्या खुर्चीतल्या पांढऱ्या पोशाखातल्या बोरामकडे बघितलं, आणि तिचे डोळे भरले.

"रडू नकोस!" मालसुन किंचाळलीच. "खारं पाणी आहे, झोंबेल!"

"आयुष्यभर खाऱ्या पाण्यात उभी राहिलेय," ओकबुन म्हणाली, "आणि आता ही मला शिकवतेय." आणि ती हसली. डोळ्यांपाशी सगळ्या रेघा एकदम उमटल्या. मेकअपवाल्या मुलीने मग फाउंडेशन अगदी पातळ लावलं, कुणी काही न सांगता.

हॉलमध्ये मालसुन शेवटच्या रांगेत बसली, बसली म्हणजे उठत-बसत राहिली. गुलाबी हानबोकच्या पारंपरिक पोशाखातली ओकबुन आणि निळ्यातली विहीणबाई रीतीप्रमाणे मेणबत्त्या पेटवायला पुढे गेल्या. विहीणबाई खरंच तरुण दिसत होती. ओकबुन सत्तावन्नाची दिसत होती, डोळ्यांपाशी शिंपल्याची पाठ, पण चेहरा ओलसर आणि शांत. मालसुनला जेवण गेलं नाही. बुफेतली कालवं तिने बघितलीसुद्धा नाहीत.

त्या वसंतात शेडमधल्या सहाजणींनी तिच्याकडून माल घेणं बंद केलं. शाखेतल्या बाईंनी बोलावून घेतलं आणि, 'गिऱ्हाइकांसमोर असं कुणी बोलतं का?' म्हणून झाडलं. पण त्यानंतर शेडमध्ये कुणी बाटली मागितली की ती आधी पाच प्रश्न विचारायची. फरशी किती तापवतेस, घासायचं कापड तोंडाला लावतेस का, उन्हात किती वेळ असतेस. आणि कधी कधी सरळ सांगायची, "तुला याची गरज नाही, आहे ते ओल्या तोंडाला लाव." पिलनाम म्हणायची, "पूर्वीची बरी होती, खोटं तरी गोड बोलायची." पण माल तिच्याचकडून घ्यायची.

मेमध्ये कालवांचा हंगाम संपला. ओकबुनने तिला घरी बोलावलं, समोर मधाचे गोड पाव ठेवले आणि म्हणाली, "ते सुरकुत्यांचं दे."

मालसुनने उचललेला पाव परत ठेवला. "वेड लागलं का तुला?"

"नातवंड होईल तेव्हा परत फोटो निघतील. आता घाई नाही ना? नीट सांग, कसं लावायचं."

मालसुन बराच वेळ नको, नको म्हणत राहिली. मग तिने सांगितलं. रात्री, कोरड्या चेहऱ्यावर, वाटाण्याएवढं. आधी आठवड्यातून एकदा. दुसऱ्या दिवशी टोपी आणि उन्हाचं क्रीम, ढग असले तरी. झोंबलं की बंद, मला विचारायलाही थांबायचं नाही. आणि रेघा जाणार नाहीत, जरा पुसट होतील, तेही पुढच्या थंडीपर्यंत. ओकबुनने सगळं ऐकलं. "बरं. रविवारी लावते," ती म्हणाली.

मालसुन निघाली. बस स्टॉपपर्यंत गेली, बस आलेली दिसलीही. मग ती वळली, चढ चढून परत आली आणि दार वाजवलं.

"वाटाण्याएवढं म्हणजे एकाच वाटाण्याएवढं," ती दाराबाहेरून म्हणाली.

"जा गं बाई आता घरी!" आतून आवाज आला.